हिमोग्लोबिन ८, तरी रक्त नाही?
बायपासनंतर हिमोग्लोबिन ८ असूनही रक्त चढवलं नाही, ही हयगयच, असं वर म्हटलंय. बाबांच्या वेळी मीही असाच चिडलो होतो. ऑपरेशन परळला, दादरहून दोन भाच्यांना रक्तदानाला पळवलं आणि पिशव्या तशाच पडून! पण हृदयाच्या ऑपरेशनमध्ये रक्त कधी द्यावं हे तपासणाऱ्या २०१७ च्या ट्रिक्स-३ या अभ्यासात ४,८०० हून अधिक रुग्ण होते. हिमोग्लोबिन ७.५ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्यांत मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात हे सगळं धरूनही सढळ हाताने दिलेल्यांपेक्षा जास्त नुकसान दिसलं नाही. मात्र २०१५ च्या ब्रिटनमधल्या टायटर-२ या तशाच अभ्यासात रक्त देताना हात आखडलेल्या गटात ९० दिवसांतले मृत्यू थोडे जास्त होते. म्हणून नुसत्या आकड्यावरून भांडण्यापेक्षा ड्रेनमधून (ऑपरेशननंतर छातीत ठेवलेल्या नळीतून) रक्त किती येतंय, बीपी टिकतंय का, हे विचारा. बाबांना शेवटी एकच पिशवी लागली, तीही तिसऱ्या दिवशी.