धरणाचा हिशोब हेक्टर आणि मेगावॅटवर थांबतो का?

भीमाकाठ:
धरणाचा विषय निघाला की दोनच आकडे पुढे येतात: किती हेक्टर भिजलं, किती मेगावॅट वीज झाली. भीमेवरचं उजनी धरण १९८०ला पूर्ण झालं, मग ऊस आला, हे सगळेच सांगतात. पण उसामागून ट्रॅक्टरचं गॅरेज, मोटार रिवाइंडिंगवाला, रोपवाटिका, भिगवणचा मासळी बाजार... हे कोणत्या रकान्यात धरायचं? भाक्रा धरणावरच्या जागतिक बँकेच्या अभ्यासात थेट १०० रुपयांच्या फायद्यामागे आणखी ९० रुपये असे आडवाटेने निघाले होते.

बुडीतक्षेत्र:
आडवाटेचा नफा धरता ना, मग तोटाही धरा. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक फोटो काढायला जातात. त्या देवळाभोवती गाव होतं. ज्या बलुतेदाराच्या नावावर सातबाराच नव्हता, त्याला जमिनीपोटी जमीन कसली मिळणार? राज्याचा पुनर्वसन कायदा १९७६चा. कोयना त्याच्या कितीतरी आधी भरलेलं.

पाटकरी:
बलुतेदाराचं पटलं. पण जमीनवाल्यांचं चित्र इतकं सरळ नाही, ताई. इंदापूर-करमाळ्याकडे बॅकवॉटरच्या काठाने जा. कित्येक धरणग्रस्तांच्याच पाइपलाइनी पाण्यात सोडलेल्या दिसतील. पाणी उतरलं की वर गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी. खरे रडतात टेलवाले, कालव्याच्या शेवटच्या टोकाचे. पाण्याच्या पाळीच्या रात्री मी बॅटरी घेऊन चारीवर, कालव्याच्या फाट्यावर, बसलेला माणूस आहे. बाराला घोट्याएवढं पाणी आलं, दोनला नुसती ओल. वरच्यांनी फळ्या टाकून सगळं वळवलेलं. तुमचे ते ९० रुपयेसुद्धा असेच वाटेत मुरतात.

हिशोबनीस:
शिवाय तोच पैसा विहिरी आणि पाझर तलावांवर घातला असता, तर गॅरेज आलंच नसतं का? ओसाड माळाशी तुलना केली की गुणक, म्हणजे शंभराचे एकशे नव्वद करणारा आकडा, फुगणारच.

भीमाकाठ:
पाझर तलाव गावात पाऊस पडला तर भरतो. उजनी भरते ती सह्याद्रीतल्या पावसावर. सोलापूर कोरडं गेलं तरी नदीला पाणी असतं, दुष्काळात फरक तिथेच पडतो. पाटकरीदादांचं दुखणं वाटपाचं आहे, धरणाचं नाही.

बुडीतक्षेत्र:
वाटप धरणापासून वेगळं कसं काढता? उजनीच्या ११७ टीएमसीतलं (अब्ज घनफूट) निम्म्याहून जास्त तर मृतसाठाच, सिंचनाच्या हिशोबात न येणारं तळाचं पाणी.

पाटकरी:
भांडा तुम्ही. माझ्या चारीला पाणी आलं की कळवतो.