टर्बो गाडीला बाहेरचा इंटेक: आधी मोजा, मग घ्या

धागाकर्ता: तिसरा गिअर

टर्बो गाडी (जिचा टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून इंजिनात भरतो) हाती आली की बऱ्याच जणांचा पहिला बदल इंटेकचा, म्हणजे इंजिनाकडे हवा नेणाऱ्या फिल्टर-पाइपचा, ठरलेला असतो: कंपनीचा एअरबॉक्स (फिल्टरचा बंद डबा) काढायचा आणि बाजारातला उघडा कोन फिल्टर बसवायचा. माझं ठाम मत आहे की रीमॅप (ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकातल्या सेटिंग्ज बदलणं) केलेला नसेल तर एअरबॉक्सला हात लावू नये.

आजकालच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरलेला टॉर्क आणि त्यासाठी लागणारं बूस्ट (टर्बोने दिलेला जादा दाब) गाठतो. इंटेक मोकळा केलात तर तेवढंच बूस्ट कमी मेहनतीत मिळतं आणि वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा देऊन सोडणारी झडप) थोडा जास्त उघडा राहतो. ताकद जवळपास तेवढीच. साध्या, बिनटर्बो इंजिनात आत येणारी हवा वाढली की ती थेट सिलिंडरपर्यंत पोचते. इथे मध्ये ईसीयू बसलेला आहे.

दुसरं, उघडा कोन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. दुप्पट दाब करणाऱ्या टर्बोत 20 अंश जास्त गरम हवा शिरली, तर बाहेर पडताना ती 26 अंशांच्या आसपास जास्त गरम असते. टर्बोनंतर हवा थंड करणारा इंटरकूलर त्यातली बरीच उष्णता काढतो, पण ट्रॅफिकमध्ये उभं राहून तोही तापलेला असतो.

म्हणून खरेदीआधी एकच काम करा. फिल्टरनंतर आणि टर्बोच्या तोंडाआधी प्रेशर सेन्सर किंवा व्हॅक्यूम गेज लावा आणि तिसऱ्या गिअरमध्ये, मोकळ्या आणि सुरक्षित जागी, पूर्ण थ्रॉटल देऊन वरच्या आरपीएमपर्यंत जा. दाब 1-2 किलोपास्कलच पडत असेल तर नवा इंटेक तुम्हाला नवं काही देणार नाही.

---

प्रतिसाद: बूस्टवेडा

मोजण्याचं पटलं, निष्कर्ष अजिबात पटला नाही. टर्बोसाठी इंटेक बिनटर्बो इंजिनापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, कमी नाही.

हिशोब बघा. बाहेरचा दाब 100 किलोपास्कल आणि हवं असलेलं बूस्ट आणखी 100. म्हणजे प्रेशर रेशो (टर्बोतून बाहेरचा दाब भागिले आत येतानाचा दाब) 2. आता इंटेकमध्ये 5 किलोपास्कल वाया गेले, तर टर्बोला 95 वरून 200 गाठायचे आहेत. रेशो 2.1. कंप्रेसरची (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाची) कार्यक्षमता 70 टक्के धरली तर तेवढ्यानेच बाहेर पडणारी हवा सुमारे 8 अंशांनी जास्त तापते. ही जादा मेहनत टर्बाइनकडून, म्हणजे एक्झॉस्टवर फिरणाऱ्या चाकाकडून, येते, म्हणजे एक्झॉस्टमधला दाबही वाढतो. तुम्ही म्हणता तो मोकळा वेस्टगेट म्हणजे हाच फायदा. बूस्ट लवकर येतं आणि टर्बोवरचा ताण कमी होतो. डायनोवरचा (ताकद मोजायच्या यंत्रावरचा) सर्वोच्च आकडा बदलला नाही म्हणून तो फायदा खोटा ठरत नाही.

आणि रीमॅप झालेल्या गाडीत तर प्रश्नच मिटतो. तिथे वरच्या आरपीएमला वेस्टगेट पूर्ण बंद होऊनही बूस्ट खाली येतं, म्हणजे टर्बो दमलेला असतो. अशा वेळी आतला प्रत्येक किलोपास्कल मोलाचा.

---

प्रतिसाद: तिसरा गिअर

रीमॅपच्या गाडीबद्दल आपल्यात वाद नाही, मी सुरुवातच तिथून केली आहे. पण ते 8 अंश इंटरकूलरआधीचे आहेत. चालत्या गाडीत चांगला इंटरकूलर त्यातले जेमतेम दोन-तीन शिल्लक ठेवतो. आणि 5 किलोपास्कल हा आकडा आला कुठून? तो प्रत्येकाने आपल्या गाडीवर बघायचा आहे. विक्रेत्याच्या पानावरून तो कळत नाही.

---

प्रतिसाद: जाळी आणि धूळ

दोघंही फिल्टरच्या मूळ कामाबद्दल काहीच बोलत नाही, याचं वाईट वाटतं. टर्बोचं कंप्रेसर व्हील मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरतं. त्यावर वाळूचे बारीक कण आदळत राहिले तर पात्यांच्या कडा झिजतात, आणि पुढे तेच कण पिस्टन रिंगपर्यंत जातात. इंटेक निवडताना आयएसओ 5011 या एअर फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे केलेली चाचणी आहे का ते विचारा. त्यात हवेचा अडथळा, धूळ अडवण्याची टक्केवारी आणि फिल्टर किती धूळ पोटात घेतो, हे तिन्ही कळतं. फक्त हवा किती जास्त जाते एवढंच सांगणारी कंपनी अर्धी गोष्ट सांगते आहे.

घरी करण्यासारखी तपासणीही आहे. फिल्टरच्या पुढच्या, टर्बोकडे जाणाऱ्या पाइपमध्ये पांढरं कोरडं फडकं फिरवा. करडी पूड लागली तर फिल्टर किंवा त्याची बैठक गळते आहे. थोडा तेलकटपणा मात्र दिसणारच, कारण क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागातली) वाफ बहुतेक गाड्यांत तिथेच येऊन मिळते.

---

प्रतिसाद: लॉग वाचा

एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असलेल्यांनी सगळ्यात आधी पाइपचा व्यास बघावा. सेन्सरच्या जागी 70 ऐवजी 76 मिलिमीटरचा पाइप आला, तर क्षेत्रफळ सुमारे 18 टक्क्यांनी वाढतं. हवेचा वेग तिथे कमी होतो आणि सेन्सर खऱ्यापेक्षा साधारण 15 टक्के कमी हवा सांगतो. हळू चालवताना ईसीयू फ्युएल ट्रिमने (इंधन कमी-जास्त करून) सावरून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, होण्याचा धोका राहतो. तेवढ्यावर P0171 हा लीन मिश्रणाचा एरर कोड आला तर नवल नाही. फक्त मॅप सेन्सरवर (हवेऐवजी इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या गाडीला हा त्रास नाही.

तसंच सेन्सर आणि टर्बो यांच्यामधला जोड सैल राहिला तर तिथून न मोजलेली, न गाळलेली हवा आत जाते. बायपास व्हॉल्व्ह (थ्रॉटल सोडल्यावर जादा दाबाची हवा परत इंटेकमध्ये सोडणारी झडप) आणि क्रँककेसच्या नळ्यांसाठी नव्या पाइपला बरोबर मापाची तोंडं आहेत का, हे डबा उघडल्यावर नाही, ऑर्डर देण्याआधी बघा.

---

प्रतिसाद: बूस्टवेडा

व्यासाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी उघड्या कोनचा आग्रह धरत नाही. बंद डब्याचा इंटेक घ्या, ज्याला बाहेरची हवा थेट मिळते. फक्त त्याचं तोंड बंपरच्या तळाशी नको, साचलेल्या पाण्यातून गाडी गेली आणि पाणी सिलिंडरमध्ये शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

पण गेज लावणाऱ्यांनी आणखी एक करावं. एक मोजणी फिल्टरच्या लगेच पुढे घ्या आणि दुसरी टर्बोच्या तोंडाशी. अनेक गाड्यांत खरा अडथळा फिल्टर नसतोच. एअरबॉक्सपासून टर्बोपर्यंतचा वळ्यावळ्यांचा रबरी पाइप अरुंद होत जातो आणि टर्बोजवळ काटकोनात वळतो, दाब तिथे पडतो. तो एक पाइप बदलला आणि कंपनीचा डबा तसाच ठेवला, तरी काम होतं.

---

प्रतिसाद: तिसरा गिअर

या शेवटच्या सल्ल्याला माझा पूर्ण पाठिंबा. दोन ठिकाणच्या मोजणीत फरक पाइपमध्ये दिसला तर पाइप घ्या. फिल्टरमध्ये दिसला तर आधी त्याच मापाचा स्वच्छ कागदी फिल्टर टाकून पुन्हा मोजा. त्यानंतरही आकडा मोठा राहिला तर बंद डब्याच्या इंटेकला माझी हरकत नाही. उघड्या कोनला आहे, आणि ती रीमॅपनंतरही राहील.