‘टॉर्नेडो’साठी मराठी शब्द कोणता?

प्रश्नकर्ता : हवामानावरील एका लेखाचे भाषांतर करताना सायक्लोन, टॉर्नेडो आणि डस्ट डेव्हिल हे तिन्ही शब्द एकाच परिच्छेदात आले. पहिल्यासाठी ‘चक्रीवादळ’ रूढ आहे, तिसऱ्यासाठी ‘वावटळ’ चपखल बसतो. मधल्यासाठी मी ‘घूर्णवात’ योजला होता, परंतु तो दुर्बोध आहे असे म्हणून संपादकांनी तिथेही ‘चक्रीवादळ’ केले आणि परिच्छेदाचा अर्थच नाहीसा झाला. दुसरी अडचण अशी की, ढगाच्या तळातून लोंबणारी पण जमिनीला न टेकलेली फिरती नळी आणि तीच जमिनीला टेकल्यावर होणारा टॉर्नेडो यांना मूळ लेखात वेगवेगळी नावे आहेत. हा भेद मराठीत कसा दाखवावा?

प्रतिसाद १ : संपादकांची दुरुस्ती मान्य करू नये. चक्रीवादळ उबदार समुद्रावर जन्मते, त्याचा व्यास शेकडो किलोमीटर असतो आणि ते कित्येक दिवस टिकते. टॉर्नेडोची रुंदी बहुधा काहीशे मीटरच्या आत असते आणि बहुतेक टॉर्नेडो काही मिनिटांत विरतात. १८ मार्च १९२५ रोजी अमेरिकेतील मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या राज्यांतून सुमारे ३५० किलोमीटर गेलेला आणि ६९५ बळी घेणारा टॉर्नेडो हा अपवादच होय.

प्रतिसाद २ : ‘वावटळ’ असताना नवा शब्द कशासाठी घडवायचा? माझी आजी धुळीच्या लहानशा भोवऱ्याला वावटळ म्हणे आणि छपरे उडवून नेणाऱ्या वाऱ्यालाही वावटळच म्हणे. लहान-मोठेपणा विशेषणाने दाखवता येतो. ‘महावावटळ’ म्हटले की कोणालाही कळेल.

प्रतिसाद ३ : आपल्या आजींच्या वापराबद्दल आदर आहे, पण येथे प्रश्न आकाराचा नसून उगमाचा आहे. वावटळ निरभ्र आकाशाखालीही उठते, कारण तापलेल्या जमिनीलगतची हवा वर चढताना गिरकी घेते. टॉर्नेडोला मात्र गडगडाटी ढग लागतो. जमिनीजवळचा वारा आणि उंचावरचा वारा यांच्या दिशेत व वेगात मोठा फरक पडला की मधली हवा आडव्या लाटण्यासारखी फिरू लागते, ढगातला जोरदार ऊर्ध्वगामी प्रवाह तो आडवा भोवरा उचलून उभा करतो आणि मग त्याचा काही भाग आवळला जाऊन जमिनीपर्यंत पोचतो. सर्वांत प्रबळ टॉर्नेडो बहुधा असेच जन्मतात. म्हणून ‘महावावटळ’ म्हणणे शास्त्रदृष्ट्या चुकीचे ठरेल.

प्रतिसाद ४ : भागवताच्या दशम स्कंधात तृणावर्त हा दैत्य ‘चक्रवात’ रूपाने येऊन बाळकृष्णाला उचलून नेतो. तृण म्हणजे गवत आणि आवर्त म्हणजे भोवरा, म्हणजे गवत गरगर फिरवणारा तो तृणावर्त. धुळीने दाटलेला अंधार आणि भयंकर नाद हे तेथील वर्णन टॉर्नेडोला शोभणारे आहे. ‘चक्रवात’ स्वीकारायला काय हरकत आहे?

प्रश्नकर्ता : हरकत अशी की हिंदीत ‘चक्रवात’ म्हणजे सायक्लोन, आणि आपले वाचक दोन्ही भाषांतील बातम्या वाचतात. जमिनीला न टेकलेल्या नळीचा प्रश्नही अद्याप तसाच आहे.

प्रतिसाद ५ : टॉर्नेडो हाच शब्द ठेवावा. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तो स्वतः निर्भेळ नाही. गडगडाटी वादळाला स्पॅनिशमध्ये ‘त्रोनादा’ म्हणतात, त्यावर वळणे या अर्थाच्या ‘तोर्नार’ क्रियापदाची छाया पडून आजचे रूप झाले, असे मानले जाते. एक मात्र ठरवावे लागेल : टॉर्नेडो आला, आली की आले?

प्रतिसाद ३ : नाव कोणतेही ठेवा, ते लावण्यापूर्वी खुणा पाहाव्यात. ढगातून खाली आदळून पसरणाऱ्या वाऱ्यानेही झाडे उन्मळतात, पण ती एका ठिकाणापासून बाहेरच्या दिशेने पडलेली आढळतात. टॉर्नेडोच्या वाटेवर ती मधल्या रेषेकडे झुकून एकमेकांवर आडवीतिडवी पडलेली दिसतात. टॉर्नेडोची तीव्रताही नासधुशीवरूनच ठरते. हवामानशास्त्रज्ञ फुजिता यांनी १९७१ साली मांडलेल्या श्रेणीची सुधारित आवृत्ती अमेरिकेत २००७ पासून वापरात आहे. प्रत्येक सोसाट्याच्या वाऱ्याला टॉर्नेडो म्हणणाऱ्या बातम्या वाचून मला फार वाईट वाटते.

प्रतिसाद २ : परका शब्द वाचकाला काहीच सांगत नाही. ‘वावटळ’ मध्ये निदान वारा ऐकू येतो. तरीही टॉर्नेडोच लिहायचा असेल, तर तो नपुंसकलिंगी असावा, कारण ते वादळ आहे. लाट स्त्रीलिंगी म्हणून आपण ‘त्सुनामी आली’ म्हणतो, तोच न्याय येथे लावावा.

प्रतिसाद ५ : मला हे पटत नाही. फोटो, रेडिओ हे ओकारान्त परके शब्द आपण पुल्लिंगी चालवतो. ‘टॉर्नेडो आले’ असे वाचले की अनेक टॉर्नेडो आले असा अर्थ मनात येतो, आणि एकाच ढगातून एकापाठोपाठ एक टॉर्नेडो निघू शकत असल्यामुळे हा घोटाळा केवळ व्याकरणापुरता राहणार नाही.