मुक्तिसंग्राम दिनाचा कार्यक्रम : नेहमीच्या चुका कशा टाळाव्यात?

प्रश्न : वाचनालयाचे कार्यवाह, परभणी जिल्हा

आमच्या वाचनालयातर्फे येत्या १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त दिवसभराचा कार्यक्रम घेण्याचे ठरले आहे. सकाळी १० वाजता स्वातंत्र्यसैनिकांच्या कुटुंबीयांचा सत्कार, मग इतिहासाच्या अभ्यासकाचे व्याख्यान, दुपारी भोजन आणि शेवटी विद्यार्थ्यांची वक्तृत्व स्पर्धा असा बेत आहे. साधारण ४०० लोक अपेक्षित असून शाळेचे मैदान मिळाले आहे. समितीत उत्साही माणसे भरपूर आहेत, मात्र एवढा मोठा कार्यक्रम कोणीच पार पाडलेला नाही. अशा वेळी नेमके कोठे बिनसते, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : निवृत्त शिक्षक, लातूर

कार्यवाह साहेब, त्या दिवशी सकाळी शिक्षक, विद्यार्थी आणि कर्मचारी ध्वजारोहणात असतात. त्यामुळे पत्रिकेवर १० छापले, तरी मैदान भरायला ११ वाजतील. तेव्हा पत्रिकेवर ११ छापा आणि ११ लाच सुरुवात करा.

खरी गोम सत्कारात आहे. नाव पुकारणे, व्यासपीठावर येणे, शाल, श्रीफळ आणि छायाचित्र यांत एका सत्काराला दोन मिनिटे धरली, तरी तीस सत्कारांना एक तास लागतो. त्याच्या आधी दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि कधीच आटोपशीर नसणारे प्रास्ताविक असते. मग व्याख्यात्याच्या हाती ‘वेळेअभावी थोडक्यात बोला’ अशी चिठ्ठी जाते. निजामाच्या हैदराबाद संस्थानातील १९३८ च्या सत्याग्रहापासून १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंतचा (भारतीय सैन्याच्या मोहिमेपर्यंतचा) पट मांडायला पाऊण तास तरी लागतोच. म्हणून व्याख्यान आधी ठेवावे आणि सत्कार नंतर.

उत्तर : मंडप व्यावसायिक, बीड

सरांनी वेळेचे सांगितले, मी जागेचे सांगतो. सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस कसा कोसळतो, हे २०२५ मध्ये साऱ्या मराठवाड्याने पाहिले आहे. कापडी मंडपावर ताडपत्री टाकली की भागते, असे समितीला वाटते. पण ताडपत्रीत पाणी साचून झोळ पडतो आणि तो भार खांबांवर येतो. उताराचा पत्र्याचा मंडपच सांगावा, किंवा शाळेचे सभागृह पर्याय म्हणून आधीच मागून ठेवावे. मैदान काळ्या मातीचे असेल, तर एका सरीनंतर वाहने रुततात, त्यामुळे प्रवेशाच्या वाटेवर आधीच मुरूम टाकून घ्या.

बहुतेक वर्षी हे दिवस गणपतीचे किंवा त्याच्या आगेमागेचे असतात आणि साउंडवाले मंडळांनी आधीच ठरवलेले असतात. तोंडी शब्दावर राहू नका. विसार द्या आणि कोणते सामान किती वाजता लागेल, हे कागदावर लिहून घ्या. ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात वेळेत द्या. जनरेटर नुसता आणून उभा करू नये. आदल्या संध्याकाळी मुख्य स्विच मुद्दाम बंद करून साउंड त्यावर चालतो का, ते पाहावे. डिझेल कोण भरणार आणि किल्ली कोणाकडे राहणार, हेही तेव्हाच ठरवावे. समितीत ‘सगळे मिळून बघू’ म्हटलेले काम कोणीच बघत नाही, हे मी मांडवाच्या कडेला उभा राहून वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

उत्तर : बचत गटाच्या कार्यकर्त्या, नांदेड

दादा, पंचांग पाहिलेत का? महालक्ष्म्या त्याच दिवसांत येत असतील, तर आवाहन-पूजनाच्या दिवशी घरची बाई कार्यक्रमाला येणार नाही, हे धरूनच जेवणाचा अंदाज बांधा.

जेवणाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पहाटे शिजवलेला भात आणि भाजी दोन वाजेपर्यंत झाकून ठेवणे दमट हवेत धोक्याचे असते. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक वेळ साध्या तापमानात राहू नये. आचाऱ्याला वरण-भात दोन घाण्यांत करायला सांगा आणि दुसरा घाणा पहिली पंगत बसल्यावर चढवू द्या. पदार्थ मोजके ठेवा. पुरी, भाजी, वरण-भात आणि बुंदी एवढे पुष्कळ झाले.

प्रश्नकर्ते

सर्वांचे आभार. एकच शंका आहे : सत्कार शेवटी ठेवले, तर वयोवृद्ध मंडळींना फार वेळ बसावे लागेल. त्यांना आधी मोकळे करणे योग्य नव्हे काय?

उत्तर : निवृत्त शिक्षक, लातूर

आपला मुद्दा रास्त आहे आणि माझ्या सूचनेत तेवढी दुरुस्ती करतो. ज्यांना बसणे जमणार नाही, अशा पाच-सहा जणांचा सत्कार आधी करावा. त्यांना पायऱ्या चढायला लावू नये. पाहुण्यांनीच पहिल्या रांगेत त्यांच्यापाशी जावे. इतरांचा सत्कार व्याख्यानानंतर करताना नुसते नाव पुकारू नये. त्या घरातील माणूस संस्थानाच्या सरहद्दीवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कोणत्या कॅम्पमध्ये होता किंवा कोणत्या तुरुंगात होता, हे एका वाक्यात सांगावे. ही माहिती कुटुंबीयांकडून आठवडाभर आधी लेखी घ्या आणि नावांचे उच्चार त्यांच्याचकडून तपासून घ्या.