क्षमा करणे म्हणजे ऋण सोडून देणे का?

धागाकर्ती, तुकोगंज (इंदूर):

आमच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, मराठीतून होते. रविवारची उपासना हिंदीत असते, शाळा आणि कचेरीही हिंदीतच झाली. पण आजोबा नगरहून इंदूरला आले तेव्हापासून ही एक गोष्ट मराठीतच राहिली आहे. हिंदी प्रार्थनेत आपण आपल्या अपराध्यांना क्षमा केल्याचे सांगतो, तर बायबलमधल्या मत्तयाच्या मराठी शुभवर्तमानात आपण आपल्या ऋण्यांना ऋण सोडल्याचे सांगतो. मूळ ग्रीक शब्दही देण्याचाच, म्हणजे ऋणाचाच आहे. अपराध मनातल्या मनात पुसता येतो. ऋणाला मात्र आकडा असतो, आणि त्यामुळेच हा शब्द मला लहानपणापासून अडवत आला आहे.

आमच्या घरातला आकडा २ लाख ४० हजार रुपयांचा आहे. माझ्या वडिलांनी २००९ साली मंडळीतल्याच (आमच्या चर्चमधल्याच) एका स्नेह्यांना दुकान उभे करण्यासाठी ही रक्कम दिली आणि साध्या कागदावर त्यांची सही घेतली. पुढे वडील आजारी पडले तेव्हा आम्ही ती दोनदा मागितली, दोन्ही वेळा पुढच्या महिन्याचा वायदा मिळाला, आणि २०१६ मध्ये वडील गेले. आता ते स्नेही स्वतः अंथरुणाला खिळले आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्या सूनबाई आल्या आणि म्हणाल्या, ‘बाबांच्या मनाला शांती हवी आहे, तुम्ही माफ केले एवढे सांगा.’ पैशाचा उल्लेखही झाला नाही. आईने तत्काळ ‘माफ केले’ म्हटले. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, आणि त्या रात्री प्रार्थनेच्या त्या ओळीशी मी थांबले.

तरीही माझे मत असे आहे की मी हे ऋण पूर्ण सोडले पाहिजे. येशूचा शिष्य पेत्र याने ‘सात वेळा क्षमा करू काय’ असे विचारले तेव्हा येशूने सत्तर पटीने सात वेळा असे सांगून लगेच एका दासाचा दाखला दिला. त्या दासाला राजाने १०,००० तलांत सोडले, आणि त्याने मात्र आपल्या सोबत्याला १०० दीनारांसाठी तुरुंगात टाकले. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि तलांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. म्हणजे त्याला सुटलेले ऋण ६ कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते आणि त्याने धरून ठेवलेले फक्त १०० दिवसांच्या. ज्या शहरात २०१७ साली कॅथलिक जोगीण सिस्टर राणी मारिया यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले गेले, ज्यांच्या खुन्याला त्यांच्या सख्ख्या बहिणीने राखी बांधली, त्या शहरात राहून मी २ लाख ४० हजारांसाठी मन घट्ट धरून बसावे, हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटते?

निवृत्त वकील, लोकमान्यनगर:

मी ख्रिस्ती नाही, पण तुम्ही दिलेले उदाहरण तुमच्याच मताच्या विरुद्ध जाते असे मला नम्रपणे सांगावेसे वाटते. राणी मारिया देवास जिल्ह्यात उदयनगर भागात काम करत होत्या ते सावकारीविरुद्ध. आदिवासी शेतकऱ्यांना बँकेचे कर्ज आणि सरकारी योजना मिळवून देऊन सावकाराच्या पकडीतून सोडवणे हेच त्यांचे काम होते, आणि त्याच रागातून २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारण्यात आले. त्यांनी एकाही आदिवासीला ‘सावकाराला क्षमा कर आणि गप्प बस’ असे सांगितले नाही. मारेकरी समंदर सिंह याच्यावर खटला चालला, जन्मठेप झाली, तो अनेक वर्षे तुरुंगात होता. बहिणीची राखी २००२ मध्ये त्या तुरुंगात बांधली गेली. न्याय आधी झाला आणि क्षमा त्याच्या अंगणात आली.

कायद्याचेही सांगतो. तुमच्या कागदाची ३ वर्षांची मुदत केव्हाच संपली आहे, त्यामुळे आज तुम्ही दावा लावू शकत नाही. परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे मुदत संपलेले देणे फेडण्याचे ऋणकोने नव्याने लेखी वचन सही करून दिले, तर ते बंधनकारक ठरते. ते गृहस्थ खरोखर शांती शोधत असतील तर त्यांनी हा एक कागद लिहावा. देणे आहे हे कबूल न करता मिळालेली माफी ही घेणाऱ्याच्या तोंडून काढून घेतलेली पावती असते, आणि अशी पावती तुम्ही देऊ नये.

परिचारिका, कॅथलिक, इंदूर:

वकीलकाकांनी घटनाक्रम बरोबर सांगितला, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. समंदर सिंह आधी बदलला आणि मग राणी मारियांच्या बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी त्याला भाऊ मानले, असे झाले नाही. त्या त्याच्याकडे गेल्या, आणि त्या जाण्याने तो बदलला. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले, २००६ मध्ये तो सुटला आणि केरळात त्यांच्या घरी आईवडिलांना भेटायला गेला. शुभवर्तमानातही असेच आहे. जक्कय हा जकातदार झाडावर चढून बसला होता, तेव्हा ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे’ हे येशूने आधी सांगितले. ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचे वचन जक्कयाने नंतर दिले. त्याच्याकडून लिहून घेऊन मग येशू त्याच्या घरी गेला नाही.

मी रात्रपाळीत अनेक मृत्यू पाहिले आहेत. शेवटच्या दिवसांत माणसे पैशाविषयी फार थोडे बोलतात आणि कोणत्या तरी एका माणसाविषयी वारंवार विचारतात. ताई, तुम्ही त्यांच्या खाटेपाशी जा. कागद नंतर झाला तर होऊ द्या.

सासर सोडलेली एक वाचक, महू:

जा, भेटा, बदल आपोआप होईल, हे मी ऐकलेले आहे. नवऱ्याच्या मारहाणीनंतर मी माहेरी आले तेव्हा एका पाळकांनी मला हेच ‘सत्तर पटीने सात’ वाचून दाखवले आणि परत पाठवले. मी चार वेळा परत गेले. पाचव्या वेळी हाताचे हाड मोडले. त्या वचनाचा माझ्यापुरता अर्थ एवढाच झाला की मोजत राहायचे.

बऱ्याच वर्षांनी मी तोच अध्याय स्वतः वाचला. मत्तय १८ मध्ये पेत्राच्या प्रश्नाच्या आधी काय लिहिले आहे ते मला कोणीही सांगितले नव्हते. तुझ्या भावाने अपराध केला तर जाऊन त्याला त्याचा दोष दाखव; ऐकले नाही तर एकदोघांना साक्षीला ने; तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग. लूकाच्या शुभवर्तमानातही आधी दोष दाखवणे आहे, मग पश्चात्ताप, आणि मग क्षमा. येशूने दुखावलेल्या माणसाचे तोंड बंद केले नाही, उलट त्याला आधी बोलायला लावले. म्हणून मी परिचारिकाताईंशी सहमत नाही. खाटेपाशी अवश्य जा, पण रक्कम आणि त्या आजारपणातले दोन वायदे तिथे उच्चारल्याशिवाय उठू नका.

एक वाचक, सुदामानगर:

ऋणाच्या कागदांचा प्रश्न मराठी माणसाने या आधी एकदा सोडवलेला आहे, म्हणून लिहितो. तुकोबांच्या घरी वडिलोपार्जित महाजनकी, म्हणजे सावकारी, होती. परंपरा अशी सांगते की विरक्ती आल्यावर त्यांनी घरातील कर्जखतांचे दोन वाटे केले, धाकटे बंधू कान्होबांचा वाटा त्यांना दिला आणि स्वतःचा तेवढा इंद्रायणीत सोडला. लोक बुडवलेल्या कागदांची गोष्ट सांगतात. मला मात्र न बुडवलेले कागद अधिक महत्त्वाचे वाटतात. वैराग्य त्यांचे होते, कान्होबांचे नव्हते, आणि तुकोबांनी भावाच्या वतीने उदार होण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला नाही. ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले होते, तेव्हा हा विचार तुम्हाला परका वाटू नये.

तुमच्या वडिलांच्या पैशात आईचा वाटा आहे, तुमचा आहे, आणि भावंडे असतील तर त्यांचाही आहे. आईने ‘माफ केले’ म्हटले ते तिच्या वाट्यापुरते. तुम्ही ‘पूर्ण सोडले पाहिजे’ असे लिहिता तेव्हा नेमके कोणाचे सोडता?

धागाकर्ती, तुकोगंज (इंदूर):

शेवटच्या प्रश्नाने मी दोन दिवस अस्वस्थ आहे, कारण मला एक धाकटी बहीण आहे आणि मी तिला विचारलेच नव्हते. तिच्या यजमानांची नोकरी गेल्या वर्षी सुटली. काल फोनवर तिने शांतपणे सांगितले, ‘ताई, तुझे तू सोड. माझे ८० हजार मला मुलाच्या फीसाठी हवे आहेत, आणि ते मागताना मला पाप वाटत नाही.’ तिच्या या बोलण्यात मला देवावरचा अविश्वास दिसला नाही.

वकीलकाका, आधी कबुली आणि मग क्षमा, हा तुमचा क्रम माझ्यासाठी मी अजूनही मानत नाही. माझा वाटा मी कोणत्याही कागदाची वाट न पाहता सोडते आहे. पण महूच्या ताई, तुमचे म्हणणे मी मान्य केले आहे. आकडा न उच्चारता सोडलेले ऋण आणि विसरलेले ऋण यांत त्या गृहस्थांना फरक कळणार नाही, आणि मग माझ्या सोडण्याला अर्थही राहणार नाही. येत्या रविवारी उपासनेनंतर आई, मी आणि मंडळीतील एक वडीलधारे त्यांच्या घरी जात आहोत. वडिलांनी जपलेला कागद मी सोबत नेणार आहे. आईचे आणि माझे मिळून १ लाख ६० हजार त्याच्यावर त्यांच्यासमोर काटीन, बहिणीचे ८० हजार तसेच ठेवीन, आणि त्यांच्या मुलाने ते हप्त्यांनी द्यावेत असे सूनबाईंच्या समक्ष सांगेन. परिचारिकाताई, आधी मात्र मी त्यांचा हात हातात घेऊन बसेन, आणि त्यांना चालत असेल तर ती प्रार्थना आम्ही मराठीतून एकत्र म्हणू.