अनुभव धागा: संशयाने मोडलेला शेजार

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेला बळी पडले. जिथे जीव कोणाचाच गेला नाही, पण माणसे एकमेकांना दुरावली, अशा चाळी आणि सोसायट्यांची बातमी होत नाही. ठाणे-नवी मुंबईतील रहिवाशांनी डोळ्यांसमोर घडलेले लिहावे. नावे मात्र टाळावीत.

कळवा
राईनपाड्याच्या आधीच आमच्या चाळीत मुले पळवणाऱ्यांची चित्रफीत फिरत होती. त्याच सुमारास आलेल्या एका बहुरूप्याला पोरांनी अडवून आधारकार्ड मागितले. त्याने ते मुकाट्याने दाखवले, तर पत्ता सोलापूर जिल्ह्यातला निघाल्यामुळे ‘इतक्या लांबून इथे कशाला आला’ म्हणून संशय उलट वाढला. शेवटी एका आजींनी ‘अरे, हा दरवर्षी येतो, मीच याला पीठ घालते’ असे सांगून त्याला आपल्या ओट्यावर बसवले आणि प्रसंग निभावला. आजींशी मात्र दोन-तीन घरांनी बोलणे टाकले.

कोपरखैरणे
माझे यजमान माथाडी कामगार. मे २०२० मध्ये रुग्ण वाढल्यामुळे वाशीचा घाऊक बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला, आणि तो उघडल्यावर ते कामावर जाऊ लागले, तसे त्यांच्या पाठोपाठ जिना फिनेलने धुतला जाऊ लागला. धुणाऱ्या बाई माझ्या बाळंतपणात रात्रभर जागलेल्या, त्यामुळे भांडायलाही तोंड उघडेना. पुढे त्याच घरातून कांद्याची गोण आणून द्याल का, अशी विचारणा झाली. यजमानांनी गोण आणली, मोजून पैसे घेतले आणि चहाला नाही म्हणाले.

घोडबंदर रस्ता
एका घरातले दागिने गेले आणि कामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या फाटकावर तपासायचे ठरले. काहींनी विरोध केला, तर ‘तुमचीच बाई असेल’ असे त्यांना भर सभेत ऐकवले गेले. त्या वर्षी एकाच आवारात दोन गणपती बसले. चोर काही सापडला नाही. सापडला असता, तर निदान एक बाजू तरी गप्प बसली असती.

नौपाडा
जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. आमच्याकडे तिचा उपयोग झाला नाही, कारण अख्खी सोसायटी एकाच समूहात आहे आणि पाठवणारा ओळखीचा असला की मजकूर खरा की खोटा, हे कोणी पाहतच नाही. ‘आधी पोलीस ठाण्यात विचारू’ असे मी लिहिले, तेव्हा पहिले उत्तर आले: ‘काका, तुमची मुले मोठी झाली, तुम्हाला काय!’