पगार वाढला तर पैसा जातो कुठं?

दादा, तुम्ही वर लिहिलंय की एसटीवाल्यांना नि सफाई कामगारांना पगारवाढ म्हणजे टॅक्सची उधळपट्टी, पण तो पैसा काय स्वित्झर्लंडला जातोय का? आमचं सांगलीत किराणा दुकान आहे, कंडक्टर लोकांचा पगार झाला की दोन दिवसात उधारी मिटते. २०२१-२२ चा एसटीचा संप आठवा, ऑक्टोबरअखेरपासनं एप्रिलपर्यंत, वही नुसती फुगत गेली, मग मी पण मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याला थांबा म्हणायचो, तो पुढं कुणाला म्हणत असेल देव जाणे. तासगावकडच्या पोरी कॉलेजला येईनात, वडापचं, म्हणजे खासगी जीपचं, भाडं रोज कुठनं देणार? आणि कंत्राटी सफाईवाले तर अजून अर्धा किलोच साखर नेतात, किलोभर कधीच नाही.